सरकारी भाव, रिवाजी मजुरी
(प्रस्तावना)

पेशवाईतल्या पुण्याच्या कोतवालाने कोणकोणती कामे करावीत याची कलमे दप्तरात लिहून ठेवलेली आहेत. पेठांमधले मोठे तंटे तोडावेत, रस्ते, गल्ल्या आणि घरांवरून होणारी भांडणे मिटवावीत, जागांच्या खरेदी-विक्रीचे कागद करून द्यावेत, शहरात कोण आले नि कोण गेले याची नोंद ठेवावी, जुगारावर नजर ठेवावी. याच कलमांत आणखी दोन आहेत. बाजारातल्या जिनसांचे भाव ठरवावेत, आणि सरकारकामाला लागतील ती माणसे पुरवावीत. प्रस्तुत संग्रहाचा सगळा विषय या दोन कलमांत आहे. धान्याचा भाव आणि माणसाच्या श्रमाचा भाव एकाच चावडीवरून हाकला जात होता, पण दोन्ही एकाच रीतीने हाकले जात नव्हते. ती रीत वेगळी का होती, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.

कोतवाल म्हटले की मराठी वाचकाला घाशीराम आठवतो आणि लगेच तेंडुलकरांचे 1972 चे नाटक. त्याला इलाज नाही. पण 1791 साली लोकांच्या हातून दगडधोंड्यांनी मेलेल्या त्या एका माणसाने कोतवाली या कचेरीवर इतकी सावली पाडली आहे की तिथले रोजचे, कंटाळवाणे, पण शहराच्या पोटाशी निगडित असलेले काम कोणाला दिसतच नाही. पुण्याची कोतवाली माधवराव पेशव्यांच्या काळात, 1764 च्या सुमारास नीट उभी राहिली. पेठा वाढत होत्या. सरदारांचे वाडे, त्यांच्या पागा, शागिर्दपेशा, श्रावणमासाच्या दक्षिणेसाठी येणारे ब्राह्मण, मोहिमेहून परतलेले लष्कर, एवढ्या तोंडांना पुण्याच्या शिवारातले धान्य पुरणे शक्य नव्हते. धान्य बाहेरून बैलांच्या पाठीवर यायचे. ते किती यावे आणि काय भावाने विकले जावे, यावर शहराची शांतता अवलंबून होती.

सरकारने ठरवलेल्या या भावांना निरख म्हणत. निरखाचा कागद पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तो उलटा वाटतो. आपल्याला किलोला किती रुपये हे वाचायची सवय आहे, निरखात मात्र रुपया स्थिर असतो आणि माप हलते. जोंधळा रुपयास इतके शेर, तांदूळ रुपयास इतके शेर, तूप इतके, गूळ इतका. महागाई झाली की आकडा लहान होतो. या हिशेबाला धारण म्हणत. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी हे कोष्टक सर्वांना ठाऊक, पण पायली गावोगाव वेगळी आणि मणही काही ठिकाणी सोळा पायल्यांचा. म्हणून भाव ठरवण्याआधी माप ठरवावे लागे. शिक्का मारलेले माप वापरायचे, बिनशिक्क्याचे सापडले तर गुन्हेगारी भरायची. हा निरखाचा पाया. नाण्यांचाही तोच घोळ होता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, एकाच बाजारात नाना तऱ्हेचे रुपये फिरत आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा. ‘रुपयास आठ शेर’ हे वाक्य तेव्हा दिसते तितके सरळ नव्हते. कोणता रुपया, कोणता शेर, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय त्याला अर्थ नव्हता, आणि दोन्ही प्रश्नांची किल्ली सराफ, मापारी आणि शेटे-महाजन यांच्याकडे असे.

या कागदांवरची तारीखही पाहण्यासारखी आहे. सुहूर सनाचे वर्ष मृग लागला की सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. म्हणजे सरकारचे नवे वर्ष नेमके तेव्हा उजाडायचे जेव्हा जुने धान्य संपत आलेले, नवे पेरायचे असते, घाट बंद व्हायच्या बेतात असतात आणि भाव चढू लागतात. ‘सीत सबैन मया व अलफ’ असे मोडीत दिसले की आपण 1775-76 समजायचे. (याच मृगसालात, 1776 च्या मार्च महिन्यात, लंडनला ॲडम स्मिथचा ग्रंथ बाहेर पडला. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये असे त्यात ठासून सांगितले होते. पुण्याच्या चावडीला त्याचा पत्ता नव्हता, पण पुढे चाळीस वर्षांनी त्या ग्रंथाचे चेले पुण्याला येऊन बसणार होते.)

निरख कोणी ठरवायचा? हुकूम कोतवालाचा, पण आकडा एकट्या कोतवालाचा नसे. पेठ वसवताना सरकार कौल देई, काही वर्षे जकात माफ करी आणि शेटे-महाजनांना मान व हक्क देई. बाजाराची खरी माहिती त्यांच्याकडे. सरकारने भाव फारच दाबला तर बैल दुसऱ्या पेठेकडे वळतील, हे दोघांनाही ठाऊक असे. त्यामुळे निरख म्हणजे सरकार आणि व्यापारी यांच्यातला लेखी समझोता होता, असे मला वाटते. हुकमाची भाषा त्याच्यावर नंतर चढवलेली असे. दुष्काळात हे उघडे पडायचे. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांनी पुणे ताब्यात घेतले. मुलूख लुटला, जाळला गेला, आणि त्यापाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ आला. अशा वेळी निरखाचा कागद कितीही कडक असला तरी ज्या दुकानात धान्यच नाही तिथे त्याचा उपयोग काय? भाव बांधता येतो, पण घाटापलीकडे थांबलेला बैल बांधून आणता येत नाही.

माणूस मात्र बांधून आणता येत असे. मजुरीचा निरख बाजारभावासारखा दर हंगामाला ठरवण्याची गरज सरकारला फारशी पडली नाही, कारण मजुरीचा बराच भाग रिवाजाने आधीच ठरलेला होता. गावात बारा बलुतेदार. सुतार, लोहार, महार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट या सगळ्यांचा वाटा खळ्यावरच मोजला जाई, आणि तोही ओळीप्रमाणे. कोण पहिल्या ओळीत, कोण दुसऱ्या, कोण तिसऱ्या, हे जातीने आणि वतनाने ठरलेले. धान्य महागले तर धान्यात मिळणाऱ्या बलुत्याची किंमत आपोआप वाढते, हा त्यातला गुण. पीक बुडाले तर बलुतेही बुडते, हा दोष. शहरात गवंडी, बेलदार, पाथरवट, हमाल यांना रोख रोज मिळे आणि तिथे घासाघीस चाले. पण सरकारी बांधकाम, किल्ल्याची गवत-लाकडे, लष्कराचे ओझे यांसाठी वेठ होती. वेठीचा भाव शून्य किंवा शेरभर पीठ. कोतवालाने सरकारकामाला माणसे पुरवायची म्हणजे काय करायचे, याचे उत्तर बहुतेक वेळा हेच असे.

या संग्रहाचे सर्वात महत्त्वाचे म्हणणे इथे येते आणि मला ते पटते. पेशवाईतले सरकार जिनसांच्या भावाबाबत दुबळे होते आणि श्रमाच्या भावाबाबत बलवान. धान्याला पाय होते. ते पेवात लपू शकत होते, दुसऱ्या बाजाराला जाऊ शकत होते, आणि त्याच्यामागे सावकार उभा होता. श्रमाला गाव, जात आणि पाटलाचा हात यांनी जागेवर खिळवलेले होते. म्हणून भावाच्या बाबतीत सरकारला बोलणी करावी लागली आणि मजुरीच्या बाबतीत नुसती आज्ञा पुरली.

हा विषय काही फक्त आपला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पण्याध्यक्ष आहे, आणि व्यापाऱ्याने देशी मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर शेकडा दहा इतकाच नफा घ्यावा असा दंडक आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीत अलाउद्दीन खलजीने धान्यापासून घोड्यांपर्यंत भाव बांधले. इतिहासकार बरनीने त्याची हकिकत लिहून ठेवली नसती तर ती कोणाला खरी वाटली नसती. तिथेही उद्देश मोठे लष्कर कमी पगारात ठेवण्याचा होता. आईन-इ-अकबरीत कोतवालाने मापे तपासावीत असे आहे आणि बांधकामावरच्या कारागिरांचे रोजचे दरही आहेत. पहिल्या प्रतीच्या सुताराला सात दाम, साध्या मजुराला दोन, आणि चाळीस दामांचा रुपया. इंग्लंडमध्ये प्लेगने माणसे मेली, मजुरी वाढू लागली तेव्हा 1351 साली ती रोखणारा कायदा झाला. 1563 च्या कायद्याने दर वर्षी न्यायाधीशांनी मजुरी ठरवावी असे केले, आणि तो मजुरीपुरता 1813 मध्येच रद्द झाला. पावाच्या वजनाचा कायदा लंडनमध्ये 1815 पर्यंत टिकला. पावाचा भाव तोच ठेवून पाव लहान-मोठा करायचा, ही त्यांची पद्धत आपल्या धारणेच्या फार जवळची आहे. फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी सप्टेंबर 1793 मध्ये भाव आणि मजुरी दोन्हींवर कमाल मर्यादा घातली. मजुरीवरच्या मर्यादेने पॅरिसचे कामकरी चिडले, हे विसरू नये.

आता आपल्याकडच्या अभ्यासाकडे. सुरुवात अर्थातच कागद छापण्यापासून झाली. वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढायला घेतली. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर महाराज आणि पेशवे यांच्या रोजनिश्यांतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खंडशः बाहेर आले. कोतवालीचा अभ्यास करणाऱ्याला आजही आधी वाडांच्याच दारी जावे लागते. सरदेसायांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 मध्ये पेशवे दप्तराचे 45 खंड निघाले. त्यांत लढाया आणि कारस्थाने भरपूर, भाजीपाल्याचा भाव मात्र शोधावा लागतो. निवड करणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटले तेच छापले गेले, आणि त्या पिढीला दिल्लीची स्वारी महत्त्वाची वाटली. त्यात त्यांचा दोष नाही, पण आपण ते ध्यानात ठेवलेले बरे.

न्या. रानड्यांनी रोजनिश्यांवर लिहिताना आणि मराठी राज्यातल्या टांकसाळींवर लिहिताना प्रथमच असे विचारले की या राज्यात लोक जगत कसे होते. सुरेंद्रनाथ सेन यांनी 1923 च्या आपल्या ग्रंथात मराठ्यांच्या कारभाराची चौकट मांडली. कोतवालाची कामे इंग्रजी वाचकांपर्यंत त्यांच्यामुळे पोहोचली. पण चौकट म्हणजे व्यवहार नव्हे. कलम लिहिले म्हणजे अंमल झाला, असे मानण्याची खोड या शाळेला होती. उलट त्रिंबक नारायण आत्र्यांचा 1915 चा ‘गावगाडा’ कागदांपासून दूर, चावडीवर उभा राहून लिहिलेला आहे. बलुत्याचा ताप कुणब्याला कसा होतो हे त्यात जितके जिवंत आहे तितके बलुतेदाराचे दुःख नाही. तरीही मजुरीचा इतिहास लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही.

आकड्यांची शाळा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, आणि वि. दा. दिवेकरांनी 1805 ते 1830 या काळातले पुणे प्रांतातले भाव आणि मजुरी एकत्र मांडली. पेशवाई बुडण्याच्या आधीची तेरा आणि नंतरची बारा वर्षे एकाच ओळीत पाहता येतात, हे त्या कामाचे मोल. बा. गो. गोखल्यांनी 1988 मध्ये अठराव्या शतकातल्या पुण्याचे शहर म्हणून चरित्र लिहिले. जपानचे हिरोशी फुकाझावा यांनी तर मराठी साधनांच्या आधारे बलुते, वेठ आणि जात यांवर असे काम केले की आपल्याला लाज वाटावी. बलुतेदार हा एकेका घराचा नव्हे, सबंध गावाचा चाकर होता, हे त्यांचे म्हणणे. त्यामुळे मजुरीचा प्रश्न मालक आणि मजूर असा दोघांचा न राहता गाव विरुद्ध चाकर असा होतो, आणि चाकराची बाजू आणखी लंगडी पडते. फ्रँक पर्लिन यांनी उलट टोक धरले. खेड्यांतही लहान नाणी आणि रोख मजुरी बरीच पोचली होती, रिवाजाचे चित्र फार गोठवू नका, असा त्यांचा इशारा आहे. दोघांतला वाद मिटलेला नाही. मिटू नये असेच मला वाटते.

या सगळ्यांनी विषय पाहिला तो पुण्याकडून. या संग्रहाने ती जागा बदलून पाटणला नेली आहे. पाटणला कोयना आणि केरा यांच्या संगमावर उभे राहिले की पश्चिमेला हेळवाक, कुंभार्ली घाट आणि खाली चिपळूण. पूर्वेला कऱ्हाड आणि तिथून सातारा, पुणे. घाटाखालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे आणि वरून धान्य, गूळ, मिरची खाली जायची. मधल्या डोंगरातल्या माणसाच्या ताटात नाचणी-वरी, आणि भात पिकला तर तो बाजाराला. शहरातला निरख इथे येईपर्यंत त्याचे रूप बदललेले असे. पुण्यात तो ग्राहकाचे रक्षण म्हणून दिसतो. इथे तो पिकवणाऱ्याला मिळणाऱ्या भावावरचे झाकण म्हणून दिसतो, आणि थळभरीत-थळमोड (माल भरतानाची आणि विकतानाची जकात) त्याच्यावर वेगळे.

शिवकाळातले दोन कागद हा दृष्टिकोन समजायला मदत करतात. 1671 मध्ये महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिले की बारदेशच्या मिठावर इतकी जकात बसवा की ते संगमेश्वरच्या मिठाहून स्वस्त पडू नये. ही भाववाढ आहे, सरकारी हुकमाने केलेली, पण पिकवणाऱ्याच्या बाजूने. 1673 मध्ये चिपळूणजवळ दळवटण्याला छावणी होती, तेव्हा लष्कराला ताकीद गेली की लागेल ते बाजारातून विकत आणावे, रयतेला उपद्रव देऊ नये. लष्कर आणि बाजार यांच्यामध्ये रोख पैसा ठेवायचा, हा त्यामागचा विचार. पुढच्या शतकातल्या निरखाने या दोन्हींपैकी किती सांभाळले आणि किती सोडले, याची तपासणी या संग्रहात आहे. माझे मत असे की लष्कर आणि शहर मोठे होत गेले तसा तोल त्यांच्याकडे झुकला.

1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर गोष्ट पालटली. एल्फिन्स्टनने जुन्या चाली फारशा मोडू नयेत असे धोरण ठेवले, साताऱ्यात ग्रँट डफ होता, पण कंपनीचे नवे अधिकारी हेलिबरीच्या कॉलेजात माल्थसकडून अर्थशास्त्र शिकून येत होते. भाव बांधणे त्यांना अडाणीपणा वाटे. हळूहळू निरख नुसता नोंदीचा कागद झाला. सरकार भाव लिहून ठेवी, ठरवीत नसे. मजुरीच्या बाबतीत मात्र हेच सरकार मोकळे नव्हते. 1877 च्या दुष्काळात धान्याच्या व्यापाराला हात न लावणाऱ्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा इतकी खाली आणली. लोक कामे सोडून निघून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याचा पाठपुरावा केला. साताराही तेव्हा दुष्काळी जिल्ह्यांत होता. मुक्त बाजार म्हणणाऱ्यांचेही हात मजुरीशी आले की मुक्त राहत नाहीत.

आज या विषयाला महत्त्व का? 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली साठ्यावर मर्यादा येतात. कांदा महागला की निर्यात थांबते. डिसेंबर 2023 मध्ये थांबली ती निवडणुकीच्या धामधुमीत, मे 2024 मध्ये सुटली. शहराच्या ताटासाठी पिकवणाऱ्याच्या भावावर झाकण, ही जुनीच रीत आहे. मजुरीच्या बाजूला मात्र विसाव्या शतकात खरे काही बदलले आणि त्यात सातारा-सांगलीच्या या भागाचा वाटा मोठा आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना आपल्याच भागात करून पाहिली, आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील मुंबईला गेले, त्यांनी गोदीत आणि बाजारात पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना संघटित केले. 1969 चा माथाडी कायदा त्या लढ्यातून आला. त्या कायद्याने मंडळे केली आणि त्यांत सरकार, मालक आणि कामगार असे तिघांचे प्रतिनिधी बसवले. कोतवालाच्या चावडीवर भाव ठरताना व्यापारी हजर असे, ओझे वाहणारा कधीच नसे. त्याच डोंगरातल्या हमालाला त्या बैठकीत जागा मिळायला 1969 साल उजाडावे लागले. हा फरक लहान नाही, आणि आज माथाडी मंडळे कमकुवत करण्याचे बोलणे सुरू होते तेव्हा तो कोणाला तरी सांगावा लागतो.

संग्रहात सर्व काळ आणि सर्व शहरे समान वाट्याने आलेली नाहीत. पुणे जास्त, सातारा बऱ्यापैकी, 1801 नंतर चिंतामणराव पटवर्धनांची राजधानी झालेली सांगली थोडी. बायकांच्या मजुरीवर फारच कमी आहे, कारण दळण-कांडण, शेण-सारवण यांचा रोज खात्यात क्वचित लिहिला जाई. वाचकाने तक्ते पाहताना आधी माप आणि नाणे पाहावे, मगच आकडा. दोन पेठांतले आकडे एकमेकांशेजारी ठेवून घाईने निष्कर्ष काढू नयेत. मोडी कागदांची बालबोध रूपे मुद्दाम पूर्ण दिली आहेत, म्हणजे ज्याला लेखकांशी वाद घालायचा आहे त्याला साधने हाताशी मिळतील.

एक विनंती पाटण, कऱ्हाड, सातारा, सांगली इथल्या वाचकांना. तुमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, देवघरामागे किंवा आडतीच्या दुकानात मोडीतल्या कीर्दी, खतावण्या, बलुत्याच्या याद्या असतील. त्या रद्दीत घालू नका, वाचता येत नाहीत म्हणून जाळू नका. जवळच्या मोडी जाणणाऱ्याला दाखवा, निदान छायाचित्रे काढून भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे पाठवा. कुठल्या वर्षी हमालाला रोज काय मिळाला, हे सांगणारा कागद बहुधा सरकारी दप्तरात नाही, तुमच्याच घरात आहे.